कॅरोबचा डबा गुळाशेजारी ठेवा

मी कॅरोब (भूमध्य समुद्राकडच्या एका गोड शेंगेची पावडर) पहिल्यांदा वापरला तो केकात, कोकोच्या जागी. कृती तीच ठेवली, फक्त पावडर बदलली. केक कोरडा झाला, गोडमिट्ट झाला आणि कडा करपल्या. सासूबाईंनी तुकडा हातात घेऊन आधी वास घेतला. म्हणाल्या, "गुळाच्या ढेपेसारखा वास येतोय. हे नाचणीच्या सत्त्वात घालायचं सोडून केकात कशाला घातलंस?"

त्यांना कॅरोब म्हणजे काय हे माहीत नव्हतं, तरी निदान अचूक होतं. पाकिटावर 'चॉकलेटला आरोग्यदायी पर्याय' असं छापलेलं असतं आणि आपण फसतो. रंग कोकोचा, पण स्वभाव गूळ, खजूर आणि चिंचेच्या गोड गराचा. हे एकदा ध्यानात आलं की कॅरोबचं काय करायचं आणि काय करायचं नाही, हे बरंचसं आपोआप सुचतं. तरीही मापं, तापमान आणि काही खोड्या सांगण्यासारख्या आहेत.

शेंग कुठली, कशी

कॅरोब, शास्त्रीय नाव सेराटोनिया सिलिक्वा, हे भूमध्य समुद्राभोवतालच्या कोरड्या, खडकाळ उतारांवरचं सदाहरित झाड. स्पेन, पोर्तुगालचा अल्गार्व्ह प्रांत, इटली, मोरोक्को, तुर्कस्तान, ग्रीस, सायप्रस, लेबनॉन हा त्याचा मुलूख. झाड शेंगवर्गातलं, म्हणजे आपल्या चिंचेच्या आणि बहाव्याच्या नात्यातलं. फुलं शरद ऋतूत थेट जुन्या फांद्यांच्या लाकडावर येतात आणि शेंग पिकायला पुढचा उन्हाळा उजाडतो. ऑगस्ट-सप्टेंबरात काठ्यांनी झोडपून शेंगा पाडतात. वीतभर लांब, चपटी, चॉकलेटी काळसर, चामड्यासारखी चिवट शेंग. आत दहा-पंधरा टणक बिया.

अरबीत हिला खर्रूब म्हणतात, कॅरोब हा शब्द तिथूनच निघाला. तुर्की नाव केचीबोयनुझू, म्हणजे बकरीचं शिंग. ग्रीकमध्ये बीला 'केरातिऑन', छोटं शिंग, म्हणत. त्यावरून आला कॅरेट. आपला सोनार जशी गुंज वापरायचा (९६ गुंजांचा तोळा) तशी तिकडे कॅरोबची बी. रोमन साम्राज्यातलं सॉलिडस हे सोन्याचं नाणं २४ सिलिक्वा (कॅरोबच्या बीवरून ठरलेलं रोमन वजन) वजनाचं, आणि आपल्या २४ कॅरेट सोन्यातला २४ तिथला. सगळ्या बिया अगदी सारख्याच वजनाच्या असतात म्हणून त्या निवडल्या, असं सर्रास लिहिलेलं असतं. ते खरं नाही. २००६ मध्ये संशोधकांनी बिया तोलून पाहिल्या, तेव्हा त्यांच्या वजनात इतर झाडांच्या बियांइतकाच फरक निघाला. २०० मिलिग्रॅमचा आजचा कॅरेट माणसांनी ठरवलेला आहे.

खायच्या दृष्टीने शेंगेचे दोन भाग करायचे आणि मनात पक्के वेगळे ठेवायचे. वजनाचा जवळजवळ ९० टक्के भाग म्हणजे गर आणि साल. पावडर, काकवी, पेयं याची. उरलेल्या १० टक्के बिया. त्यांच्यापासून डिंक होतो. दोन्हींचं रसायन वेगळं आणि स्वयंपाकातलं कामही वेगळं.

१०० ग्रॅम पावडरीत काय, आणि चमचाभर पावडरीत काय

बिनसाखरेची कॅरोब पावडर १०० ग्रॅम घेतली तर साधारण २२२ कॅलरी, कर्बोदकं ८९ ग्रॅम, त्यातली साखर ४९ ग्रॅम, तंतू सुमारे ४० ग्रॅम, प्रथिनं साडेचार ग्रॅम आणि स्निग्धांश एक ग्रॅमपेक्षाही कमी. कॅल्शियम ३४८ मिलिग्रॅम, पोटॅशियम ८२७, लोह जेमतेम ३.

शेजारी बिनसाखरेचा कोको ठेवा. कॅलरी जवळपास तेवढ्याच, पण साखर दोन ग्रॅमच्या आत, स्निग्धांश १३ ते १४ ग्रॅम, प्रथिनं १९-२० ग्रॅम, लोह जवळजवळ १४ मिलिग्रॅम. शिवाय २३० मिलिग्रॅम कॅफिन आणि दोन ग्रॅमच्या आसपास थिओब्रोमिन. कॅरोबमध्ये ही दोन्ही उत्तेजकं नाहीत. रात्री झोपताना प्यायचं काही हवं असेल, कॅफिनने डोकं चढत असेल किंवा लहान मुलाला कोको द्यायचा नसेल, तर कॅरोबचा हा खरा फायदा. कुत्र्यांना थिओब्रोमिन विषारी असतं, म्हणून त्यांच्या बिस्किटांत चॉकलेटऐवजी कॅरोब घालतात.

माझ्या केकाचं काय झालं तेही या आकड्यांतच आहे. मी कोकोतलं तूप काढून घेतलं, साखर वाढवली आणि पाणी शोषणारे तंतू तसेच ठेवले. तो कोरडा आणि करपट होणारच होता.

'कॅल्शियमचा खजिना' ही जाहिरात मात्र चमच्याने मोजून बघा. एक मोठा सपाट चमचा पावडर म्हणजे ६ ग्रॅम. त्यात कॅल्शियम २१ मिलिग्रॅम, तंतू २.४ ग्रॅम, साखर ३ ग्रॅमच्या आसपास, कॅलरी १३. नाचणीतही १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पण नाचणी आपण भाकरीतून पन्नास ग्रॅम सहज खातो. कॅरोब कोणी पन्नास ग्रॅम खात नाही. लोहासाठी तर त्याच्याकडे बघूच नका.

साखरेबद्दलही स्पष्ट सांगते. 'नो ॲडेड शुगर' हे शब्द खरे असले तरी पावडरीचं अर्धं वजन नैसर्गिक साखरेचंच असतं, बहुतांशी सुक्रोज, म्हणजे आपल्या डब्यातलीच साखर, सोबत थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. मधुमेह असेल तर ती हिशेबात धरावी लागते.

जमेची बाजू तंतूंची. कॅरोबचे तंतू बहुतांशी न विरघळणारे आणि पॉलिफेनॉलने भरलेले असतात. २००३ मध्ये जर्मनीत कोलेस्टेरॉल वाढलेल्या लोकांना रोज १५ ग्रॅम कॅरोब-तंतू सहा आठवडे दिले, तेव्हा त्यांचं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, साधारण १० टक्क्यांनी उतरलं. पण ते होते साखर धुऊन काढलेले तंतू. बाजारातल्या पावडरीतून तेवढे तंतू मिळवायचे तर रोज सहा मोठे चमचे पावडर पोटात जाईल, म्हणजे त्यासोबत अठरा-एकोणीस ग्रॅम साखर. प्रयोग खरा, पण पाकिटावर त्याचा आधार घेणं ओढूनताणून.

गरातली टॅनिनं कॅरोबला तुरटपणा देतात. जुलाब झाल्यावर कॅरोबचं पाणी देण्याची भूमध्यसागरी घरगुती रीत त्यांच्यावरच चालते. बहाव्याच्या शेंगेचा मगज याच्या नेमका उलट, रेचक आहे. दोन्ही काळपट, लांब, गोडसर गराच्या शेंगा, म्हणून हा इशारा: रस्त्याकडेची बहाव्याची शेंग 'देशी कॅरोब' समजून दळू नका.

विकत घेताना

पावडर दोन प्रकारची मिळते. कच्ची म्हणजे फक्त वाळवून दळलेली: रंग फिका बदामी, चव खजुराकडे झुकलेली, तुरटपणा जास्त. भाजलेली गडद, तिला कॅरॅमल आणि थोडी कॉफीची छटा असते. केक-बिस्किटांना भाजलेली, लाडू आणि न शिजवता खायच्या पदार्थांना कच्ची किंवा हलकी भाजलेली. माझा अनुभव असा की कच्ची घ्यावी आणि लागेल तशी घरी भाजावी. फार काळी पावडर बहुतेक वेळा जास्त भाजलेली निघते, आणि तो कडूपणा कशानेच लपत नाही.

घटकांच्या यादीत फक्त 'कॅरोब' हवं. 'कॅरोब चिप्स' आणि 'कॅरोब बार' ही निराळीच वस्तू: त्यांत बहुधा पामकर्नल तेल आणि वरून साखर असते. चॉकलेट टाळून ते खाण्यात काय मिळवलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

दुबई, अबुधाबी, मस्कतमधल्या मराठी घरांना एक सोय आहे: तिथल्या मोठ्या दुकानांत लेबनॉनची कॅरोब काकवी बाटलीत मिळते. पण नाव नीट वाचा. 'दिब्स' म्हणजे नुसती काकवी. 'दिब्स तम्र' खजुराची, 'दिब्स रुम्मान' डाळिंबाची आणि चांगलीच आंबट, 'दिब्स खर्रूब' आपल्याला हवी ती. घाईत डाळिंबाची उचललीत तर पोळीला लावताच चूक कळेल.

अख्ख्या शेंगा मिळाल्या तर हलवून बघा: पिकलेल्या, वाळलेल्या शेंगेत बिया खुळखुळतात. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आहेत का ते उजेडात तपासा. कॅरोबवर एक पतंग पडतो (तोच खजुराला आणि डाळिंबालाही छळतो) आणि त्याची अळी गरात राहते. शेंग मोडल्यावर जुन्या चीजसारखा, जरा घामट वास आला तर फेकू नका. तो आयसोब्युटिरिक आम्लाचा वास, कॅरोबला जन्मजात असतो आणि भाजल्यावर बराच उतरतो.

शेंगेपासून पावडर

अर्धा किलो शेंगा घ्या. हे काम सुटीच्या दिवसाचं.

१. शेंगा वाहत्या पाण्याखाली ओल्या फडक्याने पटकन पुसून घ्या. भिजत घालू नका. साखर पाण्यात उतरते आणि ती तर आपल्याला हवी आहे.

२. मोदकपात्रात किंवा चाळणीवर दहा मिनिटं वाफवा. चिवटपणा गेला की सुरीने शेंग उभी चिरता येते. न वाफवता मोडायला गेलात तर तुकडे स्वयंपाकघरभर उडतात.

३. बिया काढा, सगळ्या. एक जरी मिक्सरमध्ये गेली तर पातं बोथट होईल आणि भांड्याला चरा पडेल. मी काढलेल्या बिया मोजते आणि शेंगेतल्या रिकाम्या कप्प्यांशी ताळा करते. घरचे हसतात, हसू द्या.

४. बोटाच्या पेराएवढे तुकडे करून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, किंवा ओव्हनमध्ये सर्वांत कमी आचेवर, कट् आवाज करून मोडेपर्यंत.

५. भाजायचं तर ओव्हन १५० अंशांवर, तुकडे एका थरात, पंधरा ते वीस मिनिटं, मध्ये दोनदा हलवून. कढईत भाजलंत तर मंद आच आणि हात थांबवायचा नाही. अर्धी साखर असलेली ही वस्तू रव्यासारखी भाजत नाही: बराच वेळ काही होत नाही, मग मिनिटभरात करपते. गुळाच्या पाकाचा वास आला की उतरवा. गरम भांड्यात रंग आणखी एक छटा चढतो.

६. पूर्ण गार झाल्यावरच दळा. कोमट असताना दळलं तर साखर सुटते आणि पात्याभोवती गोळा बसतो. एका वेळी मूठभर, थांबत थांबत. मैद्याच्या चाळणीने चाळा आणि वरचा चाळ पुन्हा फिरवा. शेवटी उरलेला जाड चाळ काकवीच्या पाण्यात टाका.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, ही पावडर हवेतलं पाणी ओढून दगड होते. घट्ट झाकणाची बरणी, कोरडा चमचा, आणि जून ते सप्टेंबर फ्रीज. गोळा झाला म्हणजे खराब झाली असं नाही. बुरशीचा वास नसेल तर पुन्हा उन्हात वाळवून दळा.

काकवी

कॅरोबचा सगळ्यांत चांगला उपयोग कोणता म्हणाल, तर माझं मत पावडरीला नाही, काकवीला. सायप्रसमध्ये, तुर्कस्तानात, लेबनॉनमध्ये शतकानुशतकं शेंगेचं हेच करत आले आहेत, आणि त्यात वरून साखरेचा कणही पडत नाही. कोल्हापूरकडच्या माणसाला पहिल्या थेंबाला ओळख पटेल.

एक किलो शेंगा जाडसर कुटा. खलबत्ता, वरवंटा, काहीही चालेल. बिया असल्या तर असू द्या, इथे त्या आड येत नाहीत. तीन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी त्याच पाण्यात अर्धा तास मंद उकळा, गार करा, मलमलीच्या फडक्यातून पिळून गाळा. चोथ्यावर आणखी लिटरभर गरम पाणी घालून तासाभराने पुन्हा पिळा, कारण पहिल्या पिळात साखर पूर्ण येत नाही. आता हे सगळं पाणी जाड बुडाच्या रुंद पातेल्यात आटवायला ठेवा. फेस येईल, झाऱ्याने काढत राहा. पहिला तास आच मोठी चालते. पाणी चौथाईवर आलं की मंद करा आणि तिथून हलू नका, शेवटची दहा मिनिटं फसवी असतात. गार बशीवर थेंब टाकून बोटाने मध्ये रेघ ओढा. रेघ क्षणभर तशीच राहिली की झालं. गार झाल्यावर ती आणखी दाटते, म्हणून मनाजोगी दाट होण्याआधीच गॅस बंद करावा. अर्ध्या किलोच्या आसपास काकवी हाती लागते. कारखान्यात साखरेचं प्रमाण मोजून बाटली भरतात, घरी आपण अंदाजाने आटवतो. म्हणून बाटली फ्रीजमध्ये ठेवावी.

खायची कशी? लेबनॉनमध्ये दोन भाग काकवी आणि एक भाग ताहिनी (भाजलेल्या पांढऱ्या तिळाची मऊ वाटलेली चटणी) बशीत फिरवून घेतात आणि रोटीचा तुकडा बुडवून खातात. तो तिळगूळच आहे, पातळ. संक्रांतीनंतर उरलेले तीळ भाजून, चमचाभर तेल घालून मिक्सरमध्ये वाटा आणि करून बघा. भाकरीबरोबर तर तो पिटा ब्रेडपेक्षा चांगला लागतो, असं माझं पक्षपाती मत.

काकवी आणखी आटवली की मिठाई. सायप्रसमध्ये घट्ट पाक गार करून हाताने पुन्हा पुन्हा ओढतात; आत हवा शिरून काळ्याचा रंग सोनेरी होतो. त्याला पास्तेली म्हणतात आणि आनोयिरा हे गाव त्यासाठी ओळखलं जातं. एके काळी कॅरोबला सायप्रसमध्ये 'काळं सोनं' म्हणत, इतकी निर्यात होती. माल्टात कॅरोबच्या काकवीच्या कडक गोळ्या ईस्टरआधीच्या उपवासात खातात, कारण इतर गोडधोड वर्ज्य असलं तरी या गोळ्या चालतात. उपवासाला काय चालतं याचे बारीक नियम आणि त्यांतल्या पळवाटा, यांत आपण एकटे नाही.

इजिप्तचा खर्रूब

रमजानात कैरोच्या रस्त्यांवर मिळणारं थंडगार पेय. सव्वाशे ग्रॅम कॅरोबचे तुकडे आणि अर्धी वाटी साखर कोरड्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा. साखर वितळून तांबूस झाली, तुकड्यांना लागली की दीड लिटर पाणी जपून ओता. फसफसून वाफ येते, तोंड लांब ठेवा. साखर आधी दगडासारखी थिजेल, घाबरू नका, उकळीत विरघळते. दहा मिनिटं उकळून झाका, रात्रभर मुरू द्या, गाळून बर्फावर द्या. साखर पहिल्या वेळी अर्धीच घालून बघा, शेंगेची स्वतःची असतेच. लिंबू पिळणं तिकडच्या रीतीत नाही, पण मी पिळते.

केक, बिस्किटं आणि आपले पदार्थ

कोकोच्या जागी कॅरोब घालायचाच तर हिशेब असा. पाककृतीत २५ ग्रॅम कोको असेल तर २५ ग्रॅम भाजलेला कॅरोब घ्या. त्याबरोबर सुमारे १२ ग्रॅम साखर आत येते, म्हणून एक मोठा चमचा साखर कमी करा. कोकोतले साडेतीन ग्रॅम तूप गेलं, म्हणून लहान चमचाभर लोणी किंवा तेल वाढवा. तंतू पाणी ओढतात, म्हणून दोन-तीन मोठे चमचे दूध जास्त. ओव्हन १० ते १५ अंशांनी कमी ठेवा आणि रंग बघून काढू नका, कारण पीठ मुळातच तपकिरी असतं; सुरी किंवा काडी खुपसूनच बघा. चव खोल करायला लोक कॉफी घालायला सांगतात. घाला, पण मग कॅफिन नको म्हणून कॅरोब आणला होता हे विसरा.

बिस्किटं, रस्क, ब्रेड यांत कॅरोब पीठ म्हणूनही जातो. क्रीटमध्ये कॅरोबच्या पिठाचे दोनदा भाजलेले कडक रस्क करतात, आपल्या टोस्टांच्या जातीचे. गव्हाच्या पिठाच्या १० ते १५ टक्के एवढाच कॅरोब ठेवा. त्यात ग्लूटेन नसतं. प्रमाण वाढलं की कणीक धरत नाही आणि टॅनिनचा तुरटपणा जिभेला जाणवतो.

दुधात घालताना पावडर थेट टाकू नका. ती कोकोसारखीच गाठी धरते, शिवाय तळाला बसते. कपाला दोन लहान चमचे पावडर आधी गरम पाण्यात कालवून पेज करा, मग उकळतं दूध थोडं थोडं घाला आणि मिनिटभर शिजवा. वेलदोडा चालतो, जायफळ जास्त छान. तळाशी गाळ राहणारच, त्याला इलाज नाही.

सासूबाईंचा सल्ला मी नंतर पाळला. नाचणीच्या सत्त्वाच्या खिरीत वाटीला एक लहान चमचा कॅरोब, गूळ नेहमीच्या दोनतृतीयांश. नाचणीचा मातकट स्वाद आणि कॅरोबचा तुरट गोडवा एकमेकांत मिसळतात. नाचणीच्या लाडवातही असंच. तिथे तूप भरपूर असल्याने कॅरोबचा कोरडेपणा आड येत नाही. केळ्याच्या शिकरणात मात्र मला आवडला नाही: रंग चिखलासारखा होतो आणि मुलं वाटीकडे बघतसुद्धा नाहीत.

बीचा डिंक, म्हणजे पाकिटावरचा ४१०

तुम्ही कॅरोब कधी खाल्ला नाही असं म्हणत असाल, तर फ्रीजरमधल्या आइस्क्रीमचा डबा काढा. स्टॅबिलायझरच्या यादीत बहुधा ४१०, ४१२, ४०७ यांतले एक-दोन आकडे सापडतील. ४१० म्हणजे कॅरोबच्या बीचा डिंक, लोकस्ट बीन गम. ४१२ म्हणजे गवारीच्या बीचा, ज्याचं माहेर राजस्थान. ४०७ म्हणजे समुद्रशेवाळाचं कॅरागीनन.

कॅरोब आणि गवार दोन्ही डिंक गॅलॅक्टोमॅनन, म्हणजे मॅनोज साखरेची लांब साखळी आणि तिला बाजूने लटकलेले गॅलॅक्टोजचे कण. गवारीत दोन मॅनोजमागे एक गॅलॅक्टोज, कॅरोबमध्ये चारांमागे एक. ही छोटी बाब स्वयंपाकात मोठी ठरते. गवारीच्या साखळीला फांद्या जास्त, म्हणून ती थंड पाण्यातही फुगते, पण जास्त झाली की बुळबुळीत लागते. कॅरोबच्या साखळीचे मोठे भाग उघडे असतात आणि ते एकमेकांना चिकटून बसलेले असतात, म्हणून ती ८०-८५ अंशांपर्यंत तापवल्याशिवाय पूर्ण विरघळत नाही. मात्र याच उघड्या भागांमुळे ती झँथन गम आणि कॅरागीननशी हात धरून जेली बनवते.

घरच्या आइस्क्रीमला एक लिटर मिश्रणामागे दोन ग्रॅम कॅरोब डिंक पुरे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन ग्रॅम धड मोजता येत नाहीत. दागिने तोलायचा छोटा काटा घ्या. डिंक दहापट साखरेत कोरडाच मिसळा, नाहीतर दुधात पडताच माशाच्या डोळ्यांसारख्या गाठी होतात. कोमट दुधात ढवळत सोडा, ८५ अंशांना नेऊन दोन-तीन मिनिटं ठेवा, गार करून रात्रभर फ्रीजमध्ये मुरवा, मग घुसळा. फ्रीजरचं दार दहादा उघडलं, मधे वीज गेली, तरी बर्फाचे खडे मोठे होत नाहीत. नुसता कॅरोब डिंक घातलेलं दूध कधी कधी फाटल्यासारखं पाणी सोडतं, कारण डिंक आणि दुधाची प्रथिनं एकत्र नांदत नाहीत. कारखानेवाले चिमूटभर कॅरागीनन घालतात ते यासाठी.

जिलेटिन नको असलेल्या घरात जेली करायची तर अर्धा लिटर सरबताला सव्वा ग्रॅम कॅरोब डिंक आणि सव्वा ग्रॅम झँथन, साखरेत मिसळून, उकळीपर्यंत तापवून. गार झाल्यावर लवचीक, चमच्याने थरथरणारी जेली जमते. दोन्ही डिंक सुटे घेतले तर नुसता दाट पाक राहतो, जेली होत नाही.

तान्ह्या बाळाचं दूध दाट करायला हा डिंक काही खास दुधांत वापरतात. तो निर्णय बालरोगतज्ज्ञांचा. घरी बाटलीत डिंक घालू नये, अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर अजिबात नाही. मोठ्यांनीही पावडर एकदम वाढवू नये. तंतूंची सवय नसेल तर पोट फुगतं, आणि पाणी कमी प्यालात तर बद्धकोष्ठ होतो. लोहाच्या गोळीबरोबर कॅरोबचं दूध घेऊ नका, टॅनिनमुळे लोह नीट शोषलं जात नाही. सीलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याचा आजार) असणाऱ्यांना कॅरोब स्वतः चालतो, पण गव्हाच्याच गिरणीत दळलेला नाही ना हे पाकिटावर पाहा.

उरलेल्या बियांचं

काकवी झाली, पावडर झाली, वाटीभर चकचकीत बिया उरल्या. घरी त्यांचा डिंक काढण्याच्या फंदात पडू नका. कारखान्यातही टणक साल काढायला आम्लाची प्रक्रिया किंवा भट्टी लागते. त्यापेक्षा बी रुजवून बघा. या झाडाचं एका सणाशीही नातं आहे.

युरोपातल्या ज्यू घरांत वृक्षांच्या सणाला, 'तू बिश्वात'ला, वाळलेली कॅरोबची शेंग खायची प्रथा होती, कारण थंडीच्या दिवसांत पवित्र भूमीतून न सडता पोचणारं फळ तेच. त्याच सणाला आपल्या रायगडातले बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबी या प्रेषितांच्या ठिकाणी जाऊन मलिदा करतात: पोहे, गोड, नारळ आणि फळं. त्यांच्यातले जे इस्रायलला गेले त्यांच्या गावात आता कॅरोबची झाडं रस्त्याकडेला उभी असतात.

बी रुजवून बघायची असेल तर वाफवलेल्या किंवा भाजलेल्या शेंगेतली नको, कच्च्या शेंगेतली घ्या. सालीवर कानसेने एक चरा पाडा, उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाका आणि चोवीस तास तशीच ठेवा. जी फुगून दुप्पट झाली ती खोल पिशवीत, वाळू जास्त असलेल्या मातीत पेरा. मूळ सरळ खाली धावतं, उथळ कुंडीत वळतं. न फुगलेल्यांना पुन्हा चरा आणि पुन्हा गरम पाणी. पाणी साचणार नाही अशी जागा द्या. शेंगांची वाट मात्र पाहू नका: बहुतेक झाडं नर किंवा मादी अशी वेगळी असतात, रोपावरून ती ओळखता येत नाहीत, आणि तिकडचे शेतकरी म्हणूनच मादीचं कलम बांधतात.